खेकड्याच्या टिक्क्या

अंजना : घे, झालं बघ कुटून. आता ह्यातच अंडं फोडायचं का?

संयोगिता : आत्ती! कुटलंत? सगळे?

अंजना : मग? खेकडं म्हणजे कुटायलाच लागत्यात की.

संयोगिता : ते रश्श्याला. आपण टिक्क्या करतोय ना? कुटल्यावर नुसतं पाणी सुटतं, आणि कवचाचा भुगा. आत मांस राहिलंय का बघा बरं.

अंजना : आगं आई गं. पस्तीस वर्सं रस्साच केलाय बाई. हात आपसूक खलबत्त्याकडं गेला. आता काय करायचं?

संयोगिता : नांग्या आहेत ना शिल्लक?

अंजना : त्या हायत. चांगल्या जाडजूड हायत. परवा आवस झाली न्हवं, आवसंला खेकडं भरल्यालं असतंय. म्हणून तर ह्ये पहाटंच वढ्याला गेलं.

संयोगिता : मामा गेले? मला वाटलं शेजारच्या केरबादादांनी आणून दिले.

अंजना : कुठला केरबा! सदुसष्ट वर्सांचा माणूस बिळात हात घालून बसला हुता. बोट फोडून आलाय. पाटी माझ्यापुढं ठिवली नि जाऊन बसला बाहेर. त्वांडातनं शब्द न्हाई.

संयोगिता : माझ्याशी तर लग्न ठरल्यापासून बोलले नाहीत. सव्वीस दिवस झाले.

अंजना : मोजलंस व्हय?

संयोगिता : दुसरं काय करणार? चहा ठेवला की पितात, बशी पालथी घालतात नि उठतात. उद्या औंधला यमाईपुढं माझा हात विश्वजीतच्या हातात कोण देणार, आत्ती? बाबा असते तर प्रश्न नव्हता. चुलत्यांनी तर फोनच उचलला नाही. भटजी विचारतील, मुलीकडचं कोण आहे, तर मी कुणाकडं बघू?

अंजना : माझ्याकडं बघ. सासू झाली म्हणून काय, मी हाय की.

संयोगिता : तुम्ही आहातच. पण मला मामा पाहिजेत.

अंजना : ...त्या नांग्या आधी उकडायच्या न्हवं? पातेलं ठिवती.

संयोगिता : मीठ टाका थोडं. लाल झाल्या की उतरवायच्या. मग वरवंट्यानं एकच टोला, हलका.

अंजना : संयू, नीट सांग बाई मला. सावकाश. तू उद्या सांगलीला जाणार. सणावाराला ह्यांनी मागितलं तर काय वाढू म्या? वीरू पाचगणीच्या हाटेलात शिकला, त्यानं तुला शिकवलं, आता तू मला शिकव. माझ्या लेकाच्या हातची तेवढी एक चव ह्या घरात ऱ्हाऊ दे. दुसरं काय मागत न्हाई मी.

संयोगिता : आत्ती...

अंजना : कांदा बारीक चिरायचा का जाडा?

संयोगिता : आत्ती, मला येत नाहीत.

अंजना : काय येत न्हाई?

संयोगिता : त्यांच्यासारख्या टिक्क्या. त्यांनी मला शिकवलंच नव्हतं. सुट्टीवर आले की मला चुलीजवळ फिरकू द्यायचे नाहीत. म्हणायचे, वर्षभर तू करतेस, दोन दिवस आयतं खा. मी म्हणायचे, अहो सांगा तरी काय घालता. तर म्हणायचे, काय घाई आहे, सगळं आयुष्य पडलंय.

अंजना : आन् मग ह्या दोन वर्सात तू केल्यास त्या?

संयोगिता : अंदाजानं. घाटात त्यांची गाडी दरीत गेली, त्यानंतरचा त्यांचा पहिला वाढदिवस होता. मामा दोन दिवस जेवले नव्हते. मला काही सुचेना. मोबाइलवर बघितलं, पाव कुस्करला, अंडं, मिरची, कोथिंबीर, लिंबू. मामांनी एक खाल्ली, दुसरी मागितली. म्हणाले, "अगदी वीरूच्या हातची." मग मी कसं सांगणार, की माझ्या हातची आहे म्हणून? फसवलं मी तुम्हांला.

अंजना : मला न्हाई फसवलंस.

संयोगिता : म्हणजे?

अंजना : पहिल्याच घासाला कळलं मला. वीरूच्या टिक्कीत आलं असायचं, लय. घसा चरचरायचा. तुझीत लिंबू. आईला कळत न्हाई व्हय?

संयोगिता : मग बोलला का नाहीत?

अंजना : ह्ये जेवत हुतं गं. दोन दिसानं जेवत हुतं. मी कशाला बोलू?

संयोगिता : मग आज शिकवून जा कशाला म्हणालात?

अंजना : खुळी हाईस. वीरूची चव तर त्याच्यासंगं गेली. मला तुझी शिकायची हुती. तसं म्हनले असते तर तू रडत बसली असतीस, म्हणून त्याचं नाव घेतलं.

(लालासाहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे आहेत. हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली.)

लालासाहेब : मग दोन साल मी काय खाल्लं?

संयोगिता : मामा! मामा, चुकलं माझं. मला खोटं बोलायचं नव्हतं...

लालासाहेब : तुला न्हाई इचारलं. अंजने, तुला इचारतोय. काय खाल्लं मी?

अंजना : ह्या पोरीच्या हातचं खाल्लं. आणखी काय?

लालासाहेब : मला कुणी सांगितलं न्हाई.

अंजना : सांगून काय केलं असतं तुमी? ताट सारलं असतं. वीरू गेल्यावर तुमाला भरवलं कुणी, गोळ्या दिल्या कुणी, रात्री ठसका लागला की पाणी घिऊन कोण धावलं? सगळं हिनं केलं आन् तुमी समदं वीरूच्या नावावर घातलं. सव्वीस दिस झालं, पोरीशी बोलत न्हाई तुमी.

लालासाहेब : बोलू काय? फौजेत अठ्ठावीस साल काढली. दोस्ताचं सामान बांधून त्याच्या घरी पोचवलंय या हातांनी. त्याच्या आईपुढं उभा ऱ्हायलोय. तवा न्हाई हाललो. पर हे न्हाई जमायचं मला.

संयोगिता : तुम्हांला विश्वजीत आवडले नाहीत का, मामा? तसं असेल तर...

लालासाहेब : भला माणूस हाय. मीच जाऊन चौकशी केली त्याची, सांगलीला. ही म्हणाली न्हाई तुला?

संयोगिता : नाही.

लालासाहेब : दोन दिस त्याच्या दुकानासमोर च्या पीत बसलो. गिऱ्हाइकाशी कसा बोलतोय बघितलं, आईशी कसा बोलतोय बघितलं. माणसात खोट न्हाई.

संयोगिता : मग उद्या औंधला का येत नाही तुम्ही?

लालासाहेब : तू ह्या घरात हाईस तवर कुणी इचारलं, ही कोण, तर मी सांगतो, आमच्या वीरूची बायकू. वीरूची! रोज एकदा तरी त्याचं नाव येतंय त्वांडात. उद्या तुझा हात मी विश्वजीतच्या हातात दिला की माझा पोरगा खरंच मेला, पोरी. मग कुणाला काय सांगू?

अंजना : आवं, त्यो मेलाय.

लालासाहेब : गप.

अंजना : न्हाई गप बसत. मी आई हाय त्याची. त्यो मेलाय, आन् हिला ठिवून घेतली म्हणून त्यो याचा न्हाई. एकतीस वर्सांची पोर हाय. आपुन दोघं गेल्यावर हिला पाणी कोण देणार? वीरूच्या फोटूनं द्यायचं?

संयोगिता : आत्ती, नका ना. मी नाही जात. मी फोन करते विश्वजीतना.

लालासाहेब : ठिव त्यो फोन खाली.

संयोगिता : मला नाही बघवत तुमचं असं.

लालासाहेब : खाली ठिव म्हणतो न्हवं. ...चूल इझली बघा. नांग्या लाल झाल्यात.

अंजना : उतरती. तुमी बसा हितं. पाट घ्या.

लालासाहेब : इकडं दे वरवंटा. कसं फोडायचं म्हणालीस? एकच टोला?

संयोगिता : हलका मारा. मांस अख्खं निघालं पाहिजे. तुमचं बोट दुखेल, मामा.

लालासाहेब : दुखू दे. आज तुझ्या हातची म्हणून खातो. लिंबू पिळतीस त्येवढंच पीळ.

संयोगिता : मामा...

लालासाहेब : औंधला गाडी किती वाजता काढायची?

अंजना : सातला. मुहूर्त साडेनऊचा हाय.

लालासाहेब : मग मला पाचला उठव, पोरी.

संयोगिता : तुम्हांला? तुम्ही तर चारलाच उठून बसता. तुम्हांला कधी उठवावं लागलंय?

लालासाहेब : उद्या लागंल.