हेलिकॉप्टरमधली जागा

रुकैया माझ्या हाताला साबण लावून बांगड्या काढत होती आणि रडत होती, माझ्या वाटणीचंही तीच रडत होती, आणि मी तिच्याकडे बघत मनात म्हणत होते, बाई, नवरा तुझा मेला का माझा, ते अजून नक्की नाही.

रुकैया म्हणजे माझ्या सख्ख्या भावाची, शरफूची बायको. बहारीनला, हूरा भागात, एका फ्लॅटमध्ये आमचे दोन संसार. बाहेरच्या खोलीत जमातीची माणसं माना खाली घालून बसली होती. कंपनीचा माणूस दारातच उभा राहिला, चपलासुद्धा काढल्या नाहीत त्याने, आणि हिंदीत सांगून मोकळा झाला की जंगलात हेलिकॉप्टर पडलं, आतलं कुणी वाचलं नाही, आणि आमच्या ह्यांची जागा त्यात होती. ह्यांचं नाव मी घेत नाही, तुम्हीही लिहू नका.

आमचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीवर. चौथी झाली आणि बापाने शाळेतून काढलं, पुढे लग्न लागलं ते वेल्डरशी. आधी हे बहारीनला आले, मग मला आणलं, मग शरफूला हाताखाली घेऊन काम शिकवलं, मग रुकैया आली. दोघे सित्राच्या एकाच वर्कशॉपात, कंपनीची बस सकाळी दोघांना न्यायची. तेव्हा बरं चाललं होतं.

मग कंपनीने जगाच्या दुसऱ्या टोकाला काम घेतलं. बारा महिने पावसाचं जंगल, जमिनीखाली गॅसच गॅस, विहिरी खणायच्या आणि तो गॅस पाईपने बाहेर काढायचा. मी म्हटलं, गॅस तर इथेही आहे, तो संपला काय? हे म्हणाले, अगो, तुला काय कळतंय, फोरमन मी आहे, मला जावं लागेल. शरफू म्हणाला, भावोजी जातात तर मीही जातो. गेले दोघे. तिथे रस्ता करायला मनाई, रस्ता झाला की लाकूडतोडे आत शिरतात म्हणे. म्हणून माणूस हेलिकॉप्टरने, तांदूळ हेलिकॉप्टरने, पाईपसुद्धा खाली लटकवून हेलिकॉप्टरनेच.

फोन आला की शरफू शिव्या घालायचा. आपा, नदीत मासे उड्या मारतायत आणि आम्ही डब्यातला मासा खातोय, गळ टाकायला बंदी, जंगलातल्या माणसांजवळ जायला बंदी, आपल्या सर्दीने ती मरतात. ह्यांची कुरकुर वेगळी. पाईप आधी तव्यासारखा तापवावा लागतो, वर ताडपत्री धरावी लागते, ओल राहिली की जोड तडकतो.

आता काय सांगू तुम्हाला, तिथे आमच्या गाववाल्यांचा एक रिवाज होता. ज्याच्या घरी लग्न, त्याला सुट्टीवर निघताना हेलिकॉप्टरमध्ये पहिली जागा. पाळी दुसऱ्याची असली तरी तो उठतो आणि लग्नवाल्याला बसवतो, आणि ऑफिसला सांगत नाही, कारण ऑफिसला सांगितलं की आठवडा जातो. सगळे असंच करायचे.

आणि त्या वेळी लग्न होतं शरफूच्या मुलीचं, गावाला. त्याने बहारीनला यायचं, रुकैयाला घ्यायचं आणि दोघांनी गावाला जायचं. तिच्या दोन बॅगा पॅसेजमध्ये भरून ठेवलेल्या. शरफूची पाळी पुढच्या खेपेची, ह्यांची आधीची. हेलिकॉप्टर पडायच्या आदल्या दिवशी ह्यांचा फोन, म्हणाले, साहेबाचा डोळा चुकला तर शरफूला माझ्या जागेवर बसवतो, रुकैयाला बोलू नको, जमलं नाही तर उगीच तोंड पाडून बसेल.

जमलं का नाही, ते मला ठाऊक नव्हतं.

म्हणून मी रडत नव्हते. बाहेर लतीफभाई, जमातीतले मोठे, दुसऱ्याला हळूच म्हणाले, हिला धक्का बसलाय, पाणी द्या. धक्का कसला. मी अल्लाकडे काय मागू ते मला कळत नव्हतं. ह्यांनी जागा दिली असू दे म्हणावं, तर भाऊ मरतो. दिली नसू दे म्हणावं, तर हे. आणि खरं विचाराल तर मी काय मागितलं ते मला माहीत आहे. त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आज वाटत नाही. रुकैयालाही काही बोलले नाही. बोलून काय केलं असतं, एकीऐवजी दोघी लटकलो असतो.

ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. आपा, रडा हो, असं गप्प बसू नका, मी आहे ना, माझा माणूस आला की तुमचं सगळं तो बघेल.

इतक्यात फोन वाजला. लतीफभाईंनी उचलला, हॅलो म्हणाले आणि भिंतीला टेकले. रिसीव्हर माझ्याकडे धरला. आत घरघर, पाऊस पडतोय तसा आवाज, आणि त्यातून हे. मी आहे, म्हणाले. मग म्हणाले, रुकैया जवळ आहे का? मी म्हटलं, समोर आहे. म्हणाले, तिला आत्ता सांगू नको. मी म्हटलं, ती माझं तोंड बघतेय.

रुकैयाच्या मुठीत माझ्या बांगड्या होत्या. तिने त्या टीव्हीवर ठेवल्या, एकेक करून, आवाज न करता. मग स्वतःच्या हातातल्या काढायला लागली. तिला साबण लागला नाही, हात बारीक होते तिचे.

लग्न पुढे ढकललं, पण त्याच मुलाशी झालं, रुकैयाने उभं राहून लावलं. आता ती गावाला असते. हे आत झोपलेत, खोकला ऐकू येतोय ना, तो त्यांचाच. हे जगले. शरफू गेला.