बोर्डावरची नोटीस

सरकारी डोकं काय चीज असते, ते आमच्या अण्णाला विचारा. काचबिंदूनं माझ्या या थोरल्या भावाचे दोन्ही डोळे गेले, पाठोपाठ गोकुळ रोडच्या कारखान्यातली नोकरी गेली, म्हणून अपंग पेन्शनचा अर्ज केला. तर तो नामंजूर! का, ते विचारायला त्याचा हात धरून मी ऑफिसात गेले.

साहेबानं मान वर न करताच सांगितलं, "तपासणीला गैरहजर."

"तारीख कुणी कळवलीच नाही," मी म्हटलं.

"बाहेर बोर्डावर नोटीस लावली होती. नोडलिल्लेन्री? बघितली नाही?"

"अहो साहेब, याला दिसत नाही. त्यासाठीच तर अर्ज आहे!"

"ते तपासणीत ठरतं, बाई. नवा अर्ज द्या. तारीख बोर्डावर लावू."

माझं डोकं असं सणकलं! मी तोंड उघडणार, तोच अण्णानं माझा हात दाबला.

"चल गं," तो सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाला, "नोटीस वाचली नाही तेच बरं झालं. वाचून वेळेवर आलो असतो, तर 'याला दिसतंय' म्हणून नामंजूर केला असता यांनी."