व्हर्डेलबाईंचा कापलेला नाच

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय नीलिमाताई, वाल्डॉर्फहून मुद्दाम गाडी काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या प्रभाताई, मंडळाचे सर्व कार्यकर्ते, आणि रविवारची दुपार आमच्यासाठी राखून ठेवणाऱ्या रेगेन्सबर्गच्या सुहृदांनो,

निरोप खरं तर हृषिकेश आणि मुक्ताचा आहे. पाच वर्षं हृषिकेशनं इथल्या कारखान्यात काढली आणि आता कंपनी त्याला पुण्याला पाठवते आहे. मी त्याचा बाप आणि मुक्ताचा सासरा, दत्तात्रय. तीन उन्हाळे, दरवेळी व्हिसाच्या तीन महिन्यांपुरता आलेला पाहुणा. अशा माणसाला नीलिमाताईंनी बोलायला उभं केलं, हा त्यांचा मोठेपणा. माझी नात अन्वी गाडीत मला म्हणाली, "आबा, बिटे कुर्त्स." थोडक्यात बोला. प्रयत्न करतो.

मी सांगलीच्या एका थिएटरात चौतीस वर्षं ऑपरेटर होतो. पडद्यासमोर तुम्ही बसायचात, मागच्या केबिनमध्ये मशिनवर मी असायचो. मनोरमा, म्हणजे अन्वीची आजी, गेली आणि मुलानं आग्रहानं इकडे बोलावलं. २००४ सालचा मे महिना. इथे कोणी मला काही कमी पडू दिलं नाही. पण सकाळी साडेसातला घर रिकामं व्हायचं. हृषिकेश कारखान्यात, मुक्ता युनिव्हर्सिटीत, अन्वी किंडरगार्टनमध्ये. मी खिडकीशी उभा राहून समोरच्या बसमध्ये किती माणसं चढली ते मोजायचो. तुमच्यापैकी कितीजणांच्या आईवडिलांनी अशा बसगाड्या मोजल्या असतील? ते तुम्हाला सांगणार नाहीत. मीही हृषिकेशला आज प्रथमच सांगतो आहे.

रोज दहा वाजता वरच्या मजल्यावर ठोकाठोक सुरू व्हायची. पहिले दोन दिवस मला वाटलं, कोणी खिळे ठोकतंय. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की यात ताल आहे. मग एकदा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, दारात आला. शेजारच्या कोणीतरी तक्रार केली होती. वर बोट दाखवून त्यानं मला काहीतरी विचारलं. त्रास होतो का, असं असावं. मला जर्मन शब्द दोनच येत होते. मी म्हणालो, "नाइन. गुट." नाही, छान आहे. तो खांदे उडवून गेला.

तासाभरानं बेल वाजली. दारात काठी टेकवत एक उंच, काळ्यासावळ्या वृद्ध बाई. डोक्यावर रेशमी रुमाल. इंग्रजीत म्हणाल्या, "माझी बाजू घेणारं या इमारतीत कोणी आहे, हे बघायला आले."

या व्हर्डेलबाई. बेलवर नाव फ्राऊ ब्रांडल. जन्म अमेरिकेत, जॉर्जियातल्या एका लहान गावात. वय सत्त्याऐंशी. युद्धानंतर इथल्या अमेरिकन सैनिकांपुढे गायला आल्या, एका बवेरियन वादकाशी लग्न करून राहिल्या. तो जाऊन वीस वर्षं झाली होती. मूल नाही. त्यांच्या काळातले कोणी हयात नाही. रोज दहा वाजता त्या खुर्चीत बसून एका लाकडी फळीवर पावलं वाजवायच्या. टॅप डान्स आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. बुटांच्या तळाला पत्रा असतो आणि पावलांनीच ताल वाजवतात. कंबर गेली होती, म्हणून बसून.

मग दहा वाजता मी वर जाऊ लागलो. माझं इंग्रजी मोडकं, त्यांचं संथ. आमचं जमलं. मी सिनेमाच्या धंद्यातला आहे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मीही. हॉलिवूडमध्ये. १९३८ साली."

मी मनात म्हटलं, असेल. म्हातारपणी माणूस बोलतो.

पण त्या खरं सांगत होत्या. त्या काळी तिथल्या संगीतपटांत काळ्या मुलींचा एखादा नाच, एखादं गाणं असायचं. गोष्टीतली नायिका त्यांच्याशी एक शब्द बोलायची नाही. त्या एका दारानं यायच्या, नाचायच्या, दुसऱ्या दारानं जायच्या. का? व्हर्डेलबाई मला म्हणाल्या, "आमचा नाच गोष्टीला कुठे चिकटवलेलाच नसायचा. म्हणजे कापायला सोपं." अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गावांत काळी बाई मोलकरीण न होता, चांगले कपडे घालून पडद्यावर आलेली गोऱ्या प्रेक्षकांना खपत नसे. तिथला ऑपरेटर तेवढा तुकडा काढून ठेवायचा. सिनेमा दोन्ही बाजूंनी नीट जुळायचा. कोणाला कळायचंही नाही.

त्यांच्या आईला कळलं. आईनं सगळ्या चर्चला सांगितलं होतं की माझी मुलगी सिनेमात आहे. चाळीसजण वेगळ्या जिन्यानं, काळ्यांसाठी ठेवलेल्या वरच्या बाकांवर जाऊन बसले. सिनेमा संपला. मुलगी आलीच नाही. आईनं पत्र लिहिलं, "तू काय काम करतेस ते मी विचारणार नाही. पण खोटं लिहू नकोस." त्यानंतर वर्षभरात आई गेली. अंत्यविधीला व्हर्डेलबाई गावी गेल्या, तेव्हा थिएटरच्या झाडूवाल्यानं हळूच एक डबा त्यांच्या हातात दिला. आत तो कापलेला तुकडा होता.

हे ऐकताना मी खाली बघत होतो. का, ते पुढे सांगतो.

दुसऱ्या वर्षी, २००५ला, मी आलो तेव्हा त्यांची नजर जवळजवळ गेली होती. त्यांनी तो डबा काढून माझ्यापुढे ठेवला. "दत्तात्रय, मी हा नाच स्वतः कधी पाहिलेला नाही. तेव्हा दौऱ्यावर होते. नंतर मशिन कुठून आणणार? तू ऑपरेटर आहेस. बघून सांग."

डबा उघडताच वासानंच मला कळलं. ती जुन्या काळची पेट घेणारी फिल्म होती. माझ्या गुरुजींच्या दोन्ही हातांवर तिचे डाग होते. आणि बाईंनी ती हायत्सुंगच्या, म्हणजे खोली तापवणाऱ्या हीटरच्या, वरच्या कपाटात ठेवली होती. मी आधी डबा बाल्कनीत सावलीला नेला. पुढे त्याची रीतसर विल्हेवाट लावायची व्यवस्था मुक्तानं केली. आतली फिल्म बहुतेक सगळी वितळून तपकिरी वडी झाली होती. हलक्या हातानं सोडवत गेलो, तर जेमतेम दोन हात लांबीचा तुकडा धड निघाला. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. माझ्या हातात दोन सेकंद होते.

अन्वीचं भिंग घेऊन मी तो उजेडाकडे धरला. व्हर्डेलबाई मागे बसल्या होत्या.

"मी दिसते का?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. त्यांना दिसत नव्हतं. पण त्यांच्या आईचं पत्र मला आठवलं.

"नाही," मी म्हणालो. "टेबलाशी एक गोरा पुरुष आणि एक गोरी बाई बसलेत. टाळ्या वाजवतायत."

"कोणासाठी?"

"ते यात नाही."

त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी. पण ती दोघं त्या दिवशी स्टुडिओत नव्हतीच. त्यांच्या टाळ्यांचं चित्रण आधीच झालं होतं. आम्ही रिकाम्या टेबलापुढे नाचलो." आणि थोड्या वेळानं, "तरी माझ्या आईला त्या टाळ्या दिसायला हव्या होत्या."

तेव्हाच मी माझं सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. सांगलीला परत गेलो, वर्षभर ते डोक्यात राहिलं.

यंदा आलो तर बेलवर दुसरंच नाव. मुक्ता म्हणाली, "बाबा, त्या फेब्रुवारीत आल्टर्सहाइममध्ये गेल्या. तुम्ही तिकडे एकटे, म्हणून फोनवर बोलले नाही." वृद्धाश्रम शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. मी बसनं एकटा गेलो. ज्या बसमधली माणसं मोजायचो, तीच बस. व्हर्डेलबाईंचा डावा पाय गेला होता. खोलीत जाड गालिचा. मला आवाजावरून ओळखलं त्यांनी. माझा हात धरून ठेवला.

मी सांगितलं. "बाई, मीही कापायचो." खेळ उशिरा सुरू झाला की मालक म्हणायचा, गाणी कमी करा. नायिकेची गाणी कापायची सोय नव्हती, लोक खुर्च्या मोडायचे. कापायची ती मधल्या नाचाची. १९७१ साली असंच एक गाणं मी काढलं. खेळ सुटल्यावर एक मुलगी जिना चढून केबिनशी आली. मागे तिचे वडील, घरचे पाच-सहाजण. सांगलीचीच, मुंबईत समूहनाचात काम करायची. म्हणाली, "दादा, माझं गाणं होतं त्यात." कापलेला तुकडा माझ्या मागे खुंटीला टांगला होता. मी म्हणालो, "प्रिंटच तशी आलीय." वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. ते कसं पाहिलं, ते मला सांगता येणार नाही.

व्हर्डेलबाईंनी विचारलं, "तिचं नाव काय?"

"विचारलं नाही."

"परत आली?"

"नाही."

त्यांनी माझा हात सोडला. रागानं नाही. उशीवर मान वळवली आणि म्हणाल्या, "आता माझी जेवायची वेळ झाली." घड्याळात चार वाजले होते. मी उठलो.

पुढच्या गुरुवारी पुन्हा जाणार होतो. बुधवारी सकाळी त्या गेल्या. दफनाला आम्ही चौघं होतो. पाद्री, आश्रमातली एक नर्स, मुक्ता आणि मी. पाद्र्यानं त्यांच्याबद्दल चार वाक्यं वाचली. नाचाचा उल्लेख त्यात नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मुक्तानं उभं राहून त्याला जर्मनमध्ये सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि ते पाचवं वाक्य म्हणून वाचलं. या मुलीचे माझ्यावर अनेक उपकार आहेत, पण हा सर्वांत मोठा.

येत्या बुधवारी आमचं विमान आहे. सांगलीत गेल्यावर मी त्या मुलीला शोधणार आहे. आता साठीच्या आसपास असेल. नाव माहीत नाही. थिएटरचं मंगल कार्यालय झालं आहे. पण गावात माझ्या वयाची थोडी माणसं शिल्लक आहेत, त्यांच्या दारात जाईन. सापडली तर काय बोलायचं, ते अजून ठरलेलं नाही.

असो. अन्वीचा शब्द मी पाळला नाही. मंडळानं माझ्या मुलाला, सुनेला, नातीला आपलं म्हटलं, दर कार्यक्रमात या म्हाताऱ्याला पहिल्या रांगेत खुर्ची दिली, त्याबद्दल नीलिमाताईंचे, प्रभाताईंचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. आनंदाच्या प्रसंगी नको ते बोललो असेन, तर पोटात घाला. तुम्ही घालाल, हे मला माहीत आहे. व्हर्डेलबाईंकडेही मी हेच मागायला गेलो होतो. त्यांनी हो म्हटलं नाही, आणि आता विचारायला त्या नाहीत.

नमस्कार.