चूप बसाले मेळघाट कायले?

नाही, पन मी म्हनतो राजेहो, चूप बसाले मेळघाटात कायले जा लागते? घरी चूप बसाले जागा नाही काय? पन ऐकते कोन! डॉक्टरनं बीपीचा पट्टा सोडला, मान हलवली, आन् आमच्या पार्वताबाईले म्हने, "खुशालरावांना जरा झाडांत फिरवा." झाडांत! अवं, म्हटलं, वरूडले आपला संत्र्याचा बगीचा हाय, थे झाडं का प्लास्टिकचे हायेत? तं म्हनते कशी, "तिथं तुमी झाडं पाह्यता व्हय? तिथं तुमी मजुरायवर वरडता!" आन् हे सारं कायच्यासाठी? तं म्हने तब्येतीसाठी!

बरं, निघालो. जीपमंदी चढतो, तं समोर बसलेला कोन? देवीदास! माहा साडभाऊ! पार्वताच्या सख्ख्या बहिनीचा, बेबीताईचा, नवरा! आता तुमाले मालूम नाही, त्याचं माहं बोलनं बंद, मांगच्या हिवाळ्यापासून. काहून? त्यानं वावरात रोडग्याची, म्हन्जे गोवऱ्यायवर भाजलेल्या कनकेच्या गोळ्यायची, पंगत ठेवली, आन् मी साऱ्या पाहुन्यायसमोर बोलून बसलो, "देवा, रोडगे मधातून कच्चे हायेत बे." बस्स! तवापासून तो मले पाहून रस्ता बदलते, मी त्याले पाहून चष्मा पुसतो. आन् जीपमंदी या दोघी बहिनी पदर तोंडाले लावून खिडकीबाहेर पाहून राहिल्या... म्हन्जे कट! बीपी माहं, आन् कट या बहिनीयचा! तब्येतीसाठी!

तिथं आमच्या गटाले जंगलात फिरवाले मोनाली नावाची गाईड. चुनचुनीत पोरगी. म्हने, "काका, काकू, आता तासभर कुणी बोलायचं नाही. फक्त ऐकायचं." झालं! अकोल्याच्या एका बाईनं लगेच "अगं बाई, मोर!" केलं, तिच्या नवऱ्याच्या मोबाईलनं आरती म्हटली, कोनी शिंकलं, कोनी खोकललं... आमी दोघं मातर चूप म्हन्जे चूप! मोनाली थांबली, आन् साऱ्यायले म्हने, "या दोन काकांकडून शिका! निसर्गात किती आत उतरलेत!" निसर्गात कायचं बाप्पा, रोडग्यात!

मंग म्हने जोड्या करा. एकाच्या डोळ्याले पट्टी, दुसऱ्यानं न बोलता त्याले झाडापाशी न्याचं, आन् झाड हातानं पाह्याचं. आमची जोडी कोनं लावली हे सांगाले पाह्यजे काय? दुपट्टा आला माह्या डोळ्यावर. म्हटलं, गेलो! आता हा मले नाल्यात ढकलते! तब्येतीसाठी!

पन तुमाले सांगतो... त्यानं माहं कोपर धरलं. हलकं. वाटेत दगड आला, बोलता तं येत नाही, मंग हा गडी खाली वाकला आन् हातानं माहा पाय उचलून दगडावर ठेवला. त्याचा गुडघा वाजला, कट्ट! तो गुडघा मले मालूम हाय ना राजेहो, पायऱ्या चढतानी तो माह्याच खांद्याले धरे. म्हटलं, आता कोनाले धरत असन हा?

त्यानं माहे दोनी हात सागाच्या खोडावर ठेवले. खरबडं, थंडगार. कुठीतरी पानी वाजून राहिलं, वरतून एक पाखरू बोलून राहिलं, आन् माह्या छातीतली धडधड कमी व्हाले लागली ना! कोनावर वरडावंसंच वाटे ना! मंग मले राहवलं नाही. म्हटलं, "देवा, एकच कच्चा होता बे."

तो म्हने, "नाही खुशाल, सारेच कच्चे होते. गोवऱ्या ओल्या होत्या."

आन् आमी असे हासलो, असे हासलो, का झाडावरचे वानरं पळाले! मोनाली धावत आली, "शूऽऽ! काका!"

त्या राती असा झोपलो का सकाळी पार्वतानं नाकापुढं हात धरून पाह्यलं. बीपी उतरलं. डॉक्टर खूश, म्हने जातच राहा. आमी दोघंबी जात राहिलो, आन् बोलत राहिलो. तं मोनाली हात जोडून म्हनते कशी, "काका, पुढच्या खेपेपासून तुम्ही दोघं वेगवेगळ्या गटात या. बाकीच्यांना पाखरू ऐकू येत नाही."

घ्या! तोंड पाहत नव्हतो तवा हातात हात देल्ला, आन् आता गोड झालो तं वेगळे केले! आता माहा गट सकाळीच फिरून येते, त्याचा दुपारी. बाकीचे चहा पिऊन गावाकडे निघते, आन् मी गेटपाशी देवीदासची वाट पाहत बसून राहतो... करता काय राजेहो, त्याच्याबिगर घरी जावंसंच वाटत नाही!