विश्वजीतची युकुलेली

पनवेलला दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन मैत्रिणी बोलत बसल्या होत्या.

“चारुता, नवरा हौसेनं युकुलेली, ती छोटी गिटार गं, बनवून घेतोय, तर घेऊ दे की!”

“दर रविवारी विचुंब्याला त्या कारागिराकडे जाऊन बसतो. लाकूड निवडतो, तासन्‌तास गप्पा मारतो. घरी दोन शब्द बोलत नाही.”

“अगं, लाकडावर काय जळतेस!”

“बाई असती तर भांडले तरी असते.”

“मग?”

“परवा कारागिराला फोन केला. म्हटलं, आम्हाला नको, दुसऱ्या कुणाला देऊन टाका.”

“दिली?”

“कालच.”

“विश्वजीतला माहितेय?”

“नाही. आज सकाळी नवा शर्ट घालून आणायला गेलाय.”

“आणि तू काहीच बोलली नाहीस?”

“शर्टाला इस्त्री करून दिली.”