पहिल्या खांद्याचा मान

मंडळी, बसा. टाळकरी, जरा थांबा. घसा बसलाय आज, आणि खरं सांगू? मनही बसलंय. एकच विचारतो — चार लोकांनी 'वा' म्हणावं म्हणून माणूस किती खाली उतरतो? माना डोलवू नका, आधी ऐका!

एका गावात हैबतराव निकम म्हणून गृहस्थ होते. एसटीत कंट्रोलर. उभी हयात भोंग्यावर गाड्या पुकारण्यात गेली — अमुक गाडी फलाटावर लागली, तमुक गाडी सुटली. पण ह्यांचं नाव? ते कुणी कधी पुकारलं नाही. रिटायर झाले, गावी आले आणि एकच ध्यास धरला: जत्रेत नाथाच्या पालखीला पहिला खांदा आपला लागावा. त्या मानकऱ्याला फेटा बांधतात, माईकवरून त्याचं नाव घेतात. पंचांच्या मागं हिंडून चपला झिजल्या, तेव्हा कुठं यंदा मान मिळाला.

आणि त्याच आठवड्यात धाकटा भाऊ शिवराम सांगलीला दवाखान्यात पडला. डॉक्टरांनी आशा सोडलेली.

आता आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. भावकीत कुणी गेलं की सुतक, आणि सुतकातल्या माणसानं पालखीला शिवायचं नाही. पण आपण लोक हुशार! पळवाट ठेवलीच आहे — बातमी कानावर येईपर्यंत सुतक लागत नाही.

जत्रेच्या सकाळी हैबतराव फेटा बांधायला बसले, तोच फोन वाजला. शिवरामचा नंबर. बायको इंदुमती चुलीपासनं उठून आली.

"अहो, उचला की. दवाखान्यातनं असंल."

"म्हणूनच उचलत नाही," हैबतराव म्हणाले. "शिवराम गेला असंल. उचलला की सुतक लागलं."

"काय बोलताय हे? पाठचा भाऊ हाय तुमचा."

"गेलेला माणूस परत येतो का? पालखी देवळात जाऊ दे. मग रडायचंच आहे जन्मभर."

फोन पुन्हा वाजला. मग पुन्हा. हैबतरावांनी तो ज्वारीच्या कणगीत खोल खुपसला. कणगीतनंही आवाज येतच होता, मंडळी! हे उठून ओट्यावर जाऊन बसले.

दुपारी पालखी निघाली. माईकवरून नाव घेतलं. हैबतरावांनी खांदा दिला आणि मान वर करून बघितलं. कोण बघत होतं? बाया नैवेद्याच्या ताटात, पोरं पाळण्याकडं, बाप्ये गुलालात. वेशीपर्यंत गेले, तिथं दुसऱ्यानं खांदा बदलला. झालं! संपला मान.

घरी आले, कणगीत हात घालून फोन काढला आणि लावला. भावजय शालननं उचलला.

"दादा, हे आत्ताच गेले हो."

"आत्ता? मग सकाळी कुणी फोन केला?"

"त्यांनीच. शुद्धीवर होते. म्हणाले, आज आमच्या दादाचं नाव माईकवर घेणार, मला फोनवर ऐकायचंय. तुम्ही उचलला नाही, तर म्हणाले, गडबडीत असंल दादा. तरी फोन छातीवर धरून होते शेवटपर्यंत."

हैबतराव फेट्यासकट उंबऱ्यावर बसले. ज्या कौतुकासाठी गावभर तोंड वेंगाडत हिंडले, ते कौतुक सकाळपासनं आपल्या पायानं घरी आलं होतं, मंडळी. ह्यांनी ते ज्वारीत पुरलं. इंदुमतीनं पाणी आणून दिलं, ते तसंच हातात राहिलं.

च्‌ च्‌ करताय? करा. पण पुढची जागा मिळावी म्हणून लवकर आलात, तेव्हा घरी कुणाला ताटकळत ठेवून आलात? तुमचं तुम्हाला ठाऊक. सांगून सांगून दमलो मी. आता माझ्या पाया पडायला रांग लावू नका. नाथ कुठं जात नाही, माणसं जातात. आरती थांबू द्या थोडी. बाहेर जा, ज्याचा फोन चुकवलाय त्याला लावा. तोवर मी बसतो इथंच.