कॉम्प्रेसरची हवा

माझी पीएचडी बुडता बुडता वाचली, ती आमच्या बाबांमुळे. वायू ओळखणाऱ्या सेन्सरसाठी मी काचेवर झिंक ऑक्साइडचा थर चढवायचे, केसाहून कितीतरी पातळ आणि पारदर्शक. पण तो पक्का बसलाय का बघायला चिकटपट्टी लावून ओढली की अख्खा थर सोलून यायचा. चार महिने हेच चाललं होतं. एका रविवारी गोडादरा भागातल्या आमच्या घरी जेवता जेवता मला रडूच कोसळलं.

बाबा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या गिरणीत, रंगमास्तर. त्यांनी शांतपणे विचारलं, “काच धुऊन वाळवतेस कशानं?”

“कॉम्प्रेसरच्या हवेनं.”

“अगं, त्या हवेत तेल असतं! तेलकट कापडावर आमचा रंगपण धरत नाही.”

सोमवारी मी काच ओव्हनमध्ये वाळवली, थर चढवला आणि पट्टी ओढली. पट्टी कोरी निघाली! मी लॅबमध्ये नाचलेच.

आमचे सर इतके खूश झाले की त्यांनी बाबांना बोलावून घेतलं आणि ती काच कौतुकानं त्यांच्या हातात दिली. बाबांनी ती खिडकीशी धरली, उलटीसुलटी करून पाहिली आणि अदबीनं म्हणाले, “काच एकदम स्वच्छ धुतलीये, साहेब. आता थर कधी चढवणार?”